शेवटचा थर

मनोहररावांचा स्टुडिओ नागपुरात, महाल भागातल्या एका बोळात, पहिल्या माळ्यावर होता. स्टुडिओ म्हणजे त्यांची बैठकीची खोली. रविवारी दहाच्या सुमारास खिडकीवर गोधडी टांगली, पंखा बंद केला आणि आत जाऊन बायकोला कुकर लावायची मनाई केली, की स्टुडिओ सुरू. बाकीचे सहा दिवस मनोहरराव एका सरकारी कचेरीत कारकुनी करत. तिथं त्यांचं कोणी ऐकत नसे. घरी निदान मशीन तरी ऐकून घ्यायची.

मशीन म्हणजे जपानी टेपरेकॉर्डर. तो त्यांच्या बायकोच्या, पुष्पलताच्या भावानं मस्कतहून बहिणीसाठी आणला होता. बहिणीसाठी, हे त्यानं खोक्यावर लिहूनही दिलं होतं. पण खोकं उघडलं मनोहररावांनी, वायर लावली मनोहररावांनी, आणि वर क्रोशाचा रुमाल तेवढा पुष्पलतानं विणून घातला. त्यामुळे आठवडाभरातच ती 'माझी मशीन' झाली. पुष्पलता काही बोलली नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात तिनं एक ठरवून टाकलं होतं: ज्या गोष्टीवर बोलून उपयोग नाही, तिच्यावर यमक जुळवायचं.

आणि यमक तिला असं जुळायचं, की ऐकणाऱ्यानं हातातली बादली खाली ठेवावी. मौद्याला माहेरी असताना भुलाबाईच्या गाण्यात ती ऐनवेळी नवी कडवी घालायची आणि गावातल्या दोन-चार बड्या सासवांना त्यात गुंडाळून ठेवायची. महालात आल्यावर भुलाबाई सुटली, नळाची रांग लागली. पहाटे चारला बोळातल्या साऱ्या बायका घागरी घेऊन उभ्या, नळ मुका. मग पुष्पलता घागरीवर बोटं वाजवत सुरू व्हायची. चाल अशी काही नसे. भराभरा, ताल धरून बोलल्यासारखं, श्वास घ्यायलाही न थांबता. शेजारची कौशल्या म्हणायची, "तुहं तोंड हाय का रेलगाडी वं?"

शहाऐंशी साली पावसाळा लागला, तरी नळ मुकाच होता. तेव्हा मोहल्ल्यानं ठरवलं, यंदा बडग्या नळाचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालातून मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जाणारी राक्षसिणीची मूर्ती, निघते आणि तिच्या मागं मोहल्ल्यामोहल्ल्याचे बडगे. वर्षभर ज्यानं लोकांना छळलं, त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, निंदा करत गावभर मिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. यंदाचा बडग्या आठ फुटी होता. पोट सुटलेला, डोक्यावर साहेबी टोपी घातलेला कोरडा नळ.

"पुतळ्याचं ठीक हाय," पानठेल्याचे भैयाजी म्हणाले. "पण दरसाली ओरडू ओरडू गळे बसतात. यंदा आपण कॅसेट काढू. भोंग्यावर कॅसेट वाजेल, आपण ठेल्यावर उभं राहून फक्त तोंड हालवायचं. बंबईले असंच करून राहिले सारे."

कल्पना सगळ्यांना पटली, कारण तिच्यात कष्ट कमी आणि फेटे जास्त होते. मंडळी चार जमली. मनोहरराव, कारण मशीन त्यांची. भैयाजी, कारण चाकांचा ठेला आणि भोंगा त्यांचा. शिवाय ते ढोलक वाजवत, म्हणजे ढोलकाला मारत. चंपतराव, ड्रॉइंगचे रिटायर मास्तर, वय बासष्ट, कारण त्यांच्याकडे पेटी होती आणि दुसरा टेपरेकॉर्डरही होता. आणि उमरेडचा कवडू. हा मागावर लुगडी विणायचा, गावाकडं खडी गंमत, म्हणजे तमाशासारखा खेळ, करायचा आणि दर रविवारी एसटीनं यायचा. चौघांत गाता येणारा तेवढा तोच होता. बाकीचे तिघं त्याला सांभाळून घेत.

राहिले शब्द. ते कोणालाच सुचेनात. एक अख्खा रविवार 'नळ' या शब्दाला 'फळ', 'मळ' आणि 'खळखळ' जोडण्यात गेला. शेवटी पोह्यांच्या बशा घेऊन पुष्पलता बाहेर आली आणि बशा ठेवता ठेवता म्हणाली,

"नळ हाय दारात, पाणी हाय कागदात,
साहेब न्हाऊन राहिला बंगल्याच्या हौदात.
बादली म्हणे घागरीले, बाई तू काहून रिती?
घागर म्हणे बादलीले, सांगून सांगू किती?"

कवडूनं बशी खाली ठेवली. "हे कोनं रचलं?" त्यानं विचारलं.

"घरचंच हाय," मनोहरराव म्हणाले, आणि लिहून घ्यायला वही काढली.

आता गाणं भरायची त्यांची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच झालं. एका मशीनवर एकानं गायचं. मग ती कॅसेट दुसऱ्या मशीनमध्ये घालून वाजवायची, तिच्यासमोर दुसऱ्यानं गायचं, आणि दोघांचं मिळून पहिल्या मशीननं नव्या कॅसेटवर भरून घ्यायचं. मग त्यावर तिसरा, मग चौथा. याला ते थर चढवणं म्हणत. प्रत्येक थराबरोबर खोलीतलं बाकीचंही चढे: कबुतरं, खालच्या पीठचक्कीचा पट्टा, आणि एकदा तर 'दूध उतू गेलं वं' ही कौशल्याची हाक. मनोहरराव म्हणत, याच्यानं गाण्याला भरदारपणा येतो.

पहिला थर कोणाचा, हा प्रश्नच नव्हता. मान वडीलधाऱ्याचा. लग्नात टिळा आधी त्यांना, पंगतीत वाढप आधी त्यांना, तर गाण्यातही आधी तेच. चंपतरावांनी पेटी घेऊन, डोळे मिटून पहिला थर दिला. त्यावर भैयाजींचा ढोलक, त्यावर कवडू, त्यावर मनोहरराव. दुपारी दोनला चौघं मशीनपुढं मांडी घालून बसले आणि बटण दाबलं.

मनोहरराव तर असे ऐकू आले, की जणू मशीनमधून बाहेर पडतात. कवडू जरा मागं. ढोलक शेजारच्या घरात. आणि चंपतराव? ते कामठीहून हाक मारत होते.

"हा मी हाय का?" चंपतरावांनी विचारलं.

"तुमीच हा, काका."

"मंग मी इतका दूर काहून उभा हाय?"

चंपतराव पेटी बंद करून, पोह्यांना हात न लावता गेले. त्यांची समजूत काढायला तीन दिवस लागले आणि तेवढ्यात एक गोष्ट चौघांच्याही ध्यानात आली. तोंडानं कोणी बोललं नाही. जो आधी गाईल तो गाडला जाईल, जो शेवटी गाईल तोच ऐकू येईल.

आणि काय सांगू, त्या खोलीत अशी माणुसकी उगवली, की पाहत राहावं. पुढच्या रविवारी प्रत्येकाला दुसऱ्याच्या मानाची काळजी.

"आधी तुमी घ्या, काका. तुमचा मान."

"छे, छे. आता जमाना तरण्यांचा हाय. आधी भैयाजी."

"माझी काय लायकी गा? मशीनचा मालक आधी पायजे."

"कवडू पाहुणा हाय. उमरेडहून येते बिचारा. पाहुण्याले आधी."

"मी लहान मानूस," कवडू म्हणाला. "मी आपला शेवटी कोपऱ्यात उभा राहीन."

दहाचे बारा वाजले. गोधडीमागं चौघंही घामानं निथळत एकमेकांना पुढं करत होते आणि मशीन नुसती फिरत होती. तशी ती कॅसेट ऐकली असती, तर नागपूरच्या माणसाएवढा विनयशील माणूस जगात नाही असंच कोणीही म्हटलं असतं. अखेर तोडगा भैयाजींना सुचला. ते इंग्रजीत म्हणाले, "लेडीज फर्स्ट." तिघांचे चेहरे फुलले. शब्द वहिनींचे, तर पहिला मान वहिनींचाच. चंपतराव स्वतः उठून आतल्या दारापाशी गेले आणि म्हणाले, "सूनबाई, या. तुमच्यापासून शुभारंभ करू."

पुष्पलता काही खुळी नव्हती. चंपतरावांचं काय झालं, ते तिनं आतून ऐकलं होतं. पण मानाची गंमत अशी आहे, की तो मिळाला की शहाणा माणूसही डोळे मिटतो. पदराला हात पुसत ती आली, मशीनपुढं बसली आणि नळाच्या रांगेत म्हणायची तसं सगळं एका दमात म्हणून मोकळी झाली. मनोहररावांनी कॅसेट मागं घेऊन वाजवली.

तिनं स्वतःचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तो तिला वाटायचा त्याहून जाड होता, खडा होता, आणि कोणाला भीत नव्हता. हा आवाज भोंग्यावरून महालात फिरेल, या एका विचारानं तिला त्या दुपारी भुकेचीही आठवण राहिली नाही. आजवर तिचा आवाज चुलीपासून नळापर्यंत गेला होता. त्याच्या पुढं जावा, एवढंच तिला पाहिजे होतं. दुसरं काही मागितलंही नव्हतं तिनं.

त्याच रविवारी तिच्यावर चार थर चढले. चार माणसं ज्या क्रमानं बसली, तो क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला आणि चिठ्ठ्या भैयाजींनी टाकल्या, त्यामुळे शेवटी भैयाजीच आले. पुष्पलता जाता-येता कान देत होती. पहिल्या थरानंतर ती होती. दुसऱ्यानंतर निम्मी होती. चौथ्यानंतर ढोलकाच्या दोन थापांच्या फटीतून ती कशीबशी डोकावत होती.

"माहा आवाज ऐकूच येत नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

मनोहररावांनी तिच्याकडं मोठ्या समजुतीनं पाहिलं. "अवं, पाया दिसते का कधी? पण घर त्याच्यावरच उभं राहते. तू पाया हायेस."

पायाला घराचं भाडं मिळत नाही, हे पुष्पलताच्या ओठावर आलं होतं. पण अजून भाजी चिरायची होती.

भांडण खरं पेटलं ते नावावरून. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे, 'अमुक म्हणे' अशी. चंपतराव म्हणाले, चंपतराव म्हणे. वयाचा तरी मान ठेवा. मनोहरराव म्हणाले, मशीन नसती तर काय म्हणे? भैयाजींनी ठेला आणि भोंगा आठवून दिला. कवडू म्हणाला, गाते कोन त्याचं नाव, आमच्या गंमतीत असंच असते. ज्या बाईनं रचलं ती दाराआड उभी राहून पीठ चाळत होती. तिचं नाव चौघांतल्या एकालाही आठवलं नाही. नाव माहीत नव्हतं असं नाही, ते घ्यायची वस्तू आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. तोड म्हणून ठरलं, की नाव कोणाचंच घ्यायचं नाही. चौघांनीही फार मोठ्या मनानं मान डोलावली.

सोमवारी दुपारी तीनला भैयाजी आले. ठेला कोणाच्या तरी भरवशावर टाकून आले होते. हातात बांधलेली दोन मसाला पानं.

"वहिनी, मनोहरराव हापिसात असतील न? मले जरा एक थर चढवायचा होता. शेवटचं कडवं तेवढं. चार लोकायले कायले सांगता?"

बैठकीतच ठेवलेल्या दोन्ही मशीनची बटणं एकाच वेळी दाबायला दुसरं माणूस लागायचं, कारण गाणाऱ्याचं तोंड मशीनला चिकटलेलं असायचं. पुष्पलतानं बटणं दाबली. भैयाजींनी 'भैयाजी म्हणे' असं ठणकावून भरलं आणि पान ठेवून गेले.

मंगळवारी चंपतराव आले, संत्र्याची बर्फी घेऊन. "सूनबाई, तुमी मले मुलीसारख्या. म्हातारपणी एकदाच नाव लागून राहिलं. पण मनोहरले बोलू नका." बुधवारी कवडू खास एसटीनं आला, तोही कामाचा खाडा करून, आणि तिच्यासाठी उमरेडच्या मागावरचा खण घेऊन आला. गुरुवारी भैयाजी पुन्हा आले. त्यांना म्हणे स्वप्न पडलं होतं, की आपण नीट ऐकू येत नाही. शुक्रवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली तेव्हा पुष्पलतानं दार उघडलं, तर समोर तिचा नवरा. कचेरीतून पोटदुखीची रजा काढून आलेला.

"तू जरा बटन दाब," मनोहरराव म्हणाले. "मी लवकर आलो हे त्यायले सांगू नको."

त्यांनी मात्र तिच्यासाठी काही आणलं नव्हतं. स्वतःच्याच घरात यायला काय आणायचं?

तिनं बटण दाबलं. आठवड्याभरात ती मशीन पोळपाट-लाटण्याइतकी तिच्या हातातली झाली होती. किती अंतरावर बसलं की आवाज फुटतो, किती अंतरावर श्वास ऐकू येतो, गोधडी कुठं टांगली की चक्की दबते, तिला सगळं कळू लागलं होतं. चार पुरुषांचा एकेक खोटेपणा तिच्या पदरात बांधलेला होता आणि प्रत्येकजण तिला सांगून गेला होता, की तुम्हीच एक भरवशाच्या.

पोळ्याच्या दिवशी दुपारी पुरुष बैल पाहायला गेले. घरात कोणी नव्हतं. पुष्पलतानं बैठकीत बसून ती कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. दहा थरांखाली गाणं राहिलंच नव्हतं. घरघर, कबुतरं, चक्की, आणि त्यातून भुतांसारखे ओरडणारे चार पुरुष. शेवटच्या कडव्यात तर चार नावं एकावर एक अशी आपटली होती, की नाव कोणाचंच लागत नव्हतं, कोणीतरी जिन्यावरून भांडी टाकली एवढंच कळत होतं. तिनं कान अगदी मशीनला लावला. ती स्वतः त्यात कुठंच नव्हती.

तिला रडू आलं. मग राग आला, आणि रागानं रडू थांबलं. तिलाही एक शेवटचा थर चढवता आला असता. मशीन समोर होती, अडवायला कोणी नव्हतं. तिनं मशीनकडं हात नेला आणि परत घेतला. या उकिरड्यावर उभं राहून सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचं, तर मग भैयाजीत आणि आपल्यात फरक तो काय?

कोरी कॅसेट घरात नव्हती. मनोहररावांच्या खणात एक होती, मोठ्या साहेबांच्या निरोप समारंभातल्या त्यांच्या भाषणाची. ती कोणी पुसू नये म्हणून त्यांनी तिच्या पाठीवरची खिडकी फोडून ठेवली होती. पुष्पलतानं त्या खिडकीत कागदाचा बोळा बसवला, आणि कॅसेट पुन्हा भरण्याजोगी झाली. ती मशीन घेऊन स्वयंपाकघरात गेली. परात पालथी घातली, दार लावून घेतलं, आणि मशीनपासून दीड हातावर बसून बोटांनी ताल धरला. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा कौशल्या हाक मारत आली. चौथ्यांदा एका दमात, एकाच थरात, सगळं उतरलं. शेवटचं कडवं तिनं तिथल्या तिथं जुळवलं.

बळीराम पेंटरनं रंगवलेला कागद जुन्या कॅसेटच्या डबीत होता, चौघांच्या नावांचा, आणि खाली बारीक अक्षरात 'विशेष सहकार्य: सौ. मनोहरराव'. त्या डबीत तिनं आपली कॅसेट ठेवली. जुनी पिठाच्या डब्यामागं ठेवून दिली. मग तिनं डबी बंद केली.

दुसऱ्या दिवशी महालात पाय ठेवायला जागा नव्हती. मारबत पुढं गेली, बडगे मागून निघाले. नळाचा बडग्या ठेल्यावर उभा, आणि त्याच्या पायाशी गुलाबी फेटे बांधलेले चौघं. समोर एक माइक. त्याला वायर नव्हती, तो फक्त शोभेला होता. पुष्पलता कौशल्याबरोबर एका बंद दुकानाच्या पायरीवर उभी होती. भैयाजींनी पुढच्या माणसाला खूण केली, त्यानं बटण दाबलं, चौघांनी छाती काढून तोंड उघडलं.

भोंग्यातून परात वाजली. मग बाईचा आवाज आला, खडा, भराभरा:

"नळ हाय दारात, पाणी हाय कागदात..."

चौघांचीही तोंडं उघडी ती उघडीच राहिली. एखाद्यानं तरी ओरडून थांबवायला पाहिजे होतं. पण थांबवणार कोण? भैयाजींना वाटलं, आपण चोरून थर चढवला त्यानं कॅसेट बिघडली. चंपतरावांना वाटलं, आपल्यामुळंच. कवडूला वाटलं, आपल्यामुळं. मनोहररावांचं तर पोट खरोखर दुखायला लागलं. जो आधी बोलेल तो पकडला जाईल. तेव्हा प्रत्येकानं दुसऱ्याकडं पाहिलं, दुसऱ्याचे ओठ हलल्यासारखे वाटले, आणि मग चौघंही बाईच्या आवाजावर इमानदारीनं तोंड हालवू लागले.

क्षणभर गर्दीला कळेना. मग एका बाजूनं हसू फुटलं आणि रस्ताभर पसरलं. चार मिशीवाले, गुलाबी फेट्यातले बाप्ये, आणि गळ्यातून निघून राहिली खणखणीत बाई. लोकांना वाटलं, बडग्या हाच. आठ फुटी नळाकडं कोणी पाहीना. "पुन्हा होऊ द्या" अशी मागणी झाली. कॅसेट मागं घेतली, पुन्हा लावली. चौकाचौकात लावली. अकरा वेळा ती वाजली आणि अकरा वेळा चौघांनी तोंड हालवलं, कारण आता थांबणं सुरू करण्याहून कठीण होतं. शेवटचं कडवं तर पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे बरोबर म्हणू लागले:

"पुष्पलता म्हणे, बाई, रांग मोडू नका,
आपल्या वाट्याचा थेंब कोणाले सोडू नका."

कौशल्यानं तिचा दंड धरला. "हे तूच हायेस न वं?"

पुष्पलताची नजर ठेल्यावर होती. लग्नात मंडपात नाव घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर मनोहररावांनी तिला अवं, ऐकलं का, इकडे ये, याखेरीज कशानंच हाक मारली नव्हती. आणि तोच माणूस भर महालात, फेटा बांधून, तोंड मोठं करून म्हणत होता, पुष्पलता. निदान तसं दिसत तरी होतं.

संध्याकाळी बडग्या जळाला आणि मंडळी बैठकीत चहाला जमली. दिवसभर गळा न वापरल्यामुळं सगळ्यांचे आवाज छान लागले होते. कॅसेट कशी बदलली, हे कोणी कोणाला विचारलं नाही. उलट पहिल्या घोटाबरोबर भैयाजी म्हणाले, लोक हसले पायजे हे माझं पहिल्यापासून होतं. चंपतराव म्हणाले, लेडीज आवाज घ्या असं मीच सूनबाईंना दारात जाऊन म्हटलं नव्हतं का? मनोहरराव म्हणाले, मशीनवर मेहनत लागते, एका दिवसात येत नाही हे. कवडू मात्र बशीत पाहत गप्प बसला होता; गाणं कशाला म्हणतात हे चौघांत त्यालाच कळत होतं.

तेवढ्यात सक्करदऱ्याकडचा एक पाहुणा जिना चढून आला. धोंडबा नाव, तिकडच्या बडग्या मंडळाचा. नमस्कार-चमत्कार झाला.

"कॅसेट तुमचीच न गा? झकास झाली," तो म्हणाला. "पुढच्या साली आमच्या बडग्यासाठी पायजे. पण एक सांगा, हे पुष्पलता कोण? त्यायलेच भेटायचं हाय."

आतून येणारा कपबशीचा आवाज थांबला. भैयाजी चंपतरावांकडं पाहू लागले, चंपतराव छताकडं. मनोहररावांनी तोंड उघडलं. ठेल्यावर उघडत होते तसंच, पुरतं मोठं. आत पुष्पलता हातात गाळणी धरून उभी राहिली. तिला खरोखरच वाटलं होतं, की आता तरी म्हणतील.

"ते... आमच्या घरातून," मनोहरराव म्हणाले. "मिसेस."

पुष्पलता गाळणी ठेवून बाहेर आली.

"मी पुष्पलता," ती धोंडबाला म्हणाली. "त्यायले नाही सांगता येत. अकरा डाव त्यायनं तोंड हालवलं, पण आवाज माहाच होता."

धोंडबानं खिशातून पेन काढलं, छातीशी धरलेल्या वहीचं पान उलटलं आणि नाव लिहून घ्यायला पुन्हा एकदा विचारलं. तिनं ते त्याला सावकाश सांगितलं.